चंचल मुलाचा मेंदू



वसंत व्याख्यानमालेत उभे राहणाऱ्याने आरंभी वसंताविषयी दोन गोड शब्द बोलावेत असा प्रघात आहे. पण जव्हार-मोखाड्याकडचा वसंत निराळा. पुण्या-मुंबईस या दिवसांत मोगऱ्याची आणि आंब्याची चर्चा चालते. इकडे मोहाची फुले वेचून झालेली असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि पाड्यापाड्यांतून कित्येक घरांची दारे बाहेरून ओढून घेतलेली असतात. दिवाळी झाली की माणसे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, कल्याणकडे, ती पावसाच्या तोंडाशी परततात. काही मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात, काही आजीपाशी राहतात, आणि काही आश्रमशाळेत असतात. आजच्या विषयाचा धागा आम्हांस अशाच एका आश्रमशाळेत सापडला, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मोखाड्याच्या बाजूस एका आश्रमशाळेत मुलांच्या तपासणीसाठी आम्ही गेलो होतो. तेथील गुरुजींनी नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्यापुढे उभा केला. हा क्षणभर एका जागी बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही, शेजाऱ्याची वही ओढतो, दोन वर्षांत याला बाराखडी आलेली नाही, असा सगळा पाढा त्यांनी वाचला. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी त्या मुलावर मेहनत घेतलेली दिसत होती. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला एकदा मुंबईस नेऊन डोक्याचा फोटो काढता येणार नाही का? याचा मेंदूच निराळा असला पाहिजे."

त्या दिवशी आम्हांस दीडशे मुले उरकावयाची होती. उरकावयाची हाच शब्द बरोबर आहे. आम्ही कार्डावर 'अतिचंचलता?' असा शेरा मारला, पुढे प्रश्नचिन्ह घातले, आणि पुढच्या मुलास बोलावले. त्या शेऱ्याचे पुढे काय झाले ते मागाहून सांगू. गुरुजींचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. अशा मुलाचा मेंदू खरोखरच निराळा असतो काय? आणि असला, तर तो फोटोत दिसतो काय?

हा प्रश्न नवा नाही. इ. स. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज बालवैद्याने लंडनमध्ये व्याख्याने देऊन अशा मुलांचे वर्णन केले. बुद्धी ठीक, पण मनास लगाम नाही. त्याच्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याने तो नीतीच्या नियंत्रणातील दोष मानला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास डॉक्टरमंडळी 'मेंदूची किंचित इजा' असे म्हणू लागली. इजा कोठे आहे ते कोणास दाखविता येईना, तेव्हा इजेच्या जागी 'किंचित बिघाड' आला. १९८० साली अवधानाच्या उणिवेचे नाव पुढे आले, आणि १९८७ पासून अवधानन्यूनता व अतिचंचलता असे जोडनाव रूढ झाले. नावे बदलली तशी दोषाची जागाही बदलत गेली. आधी तो मुलाच्या नीतीत होता, मग मेंदूच्या न दिसणाऱ्या जखमेत गेला.

मेंदूची चित्रे जिवंत माणसात, कवटीस हात न लावता काढणारे एक यंत्र म्हणजे चुंबकीय यंत्र, ज्यास आपण एम. आर. आय. म्हणतो. या यंत्रात क्ष-किरण नसतात, त्यामुळे निरोगी मुलांचीही चित्रे घेऊन तुलना करता येते. मात्र ज्या मुलाची तक्रारच 'हलू नको म्हटले तरी हलतो' अशी आहे, त्याला त्या नळकांड्यात निश्चल निजवावयाचे हे काम सोपे नाही. चित्र हलले की मोजमाप बिघडते, आणि बिघडलेले मोजमाप पुष्कळदा मेंदूतील फरकासारखे दिसते. या शास्त्रातील जुन्या पुष्कळ निष्कर्षांवर आज जो संशय घेतला जातो त्याचे हे एक कारण आहे.

तरीही खात्रीचे असे काही हाती आले आहे. अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवधानन्यूनता असलेली २२३ मुले व तितकीच इतर मुले घेऊन, त्यांतील पुष्कळांची चित्रे वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेंदूवरील करड्या सालीची जाडी बालपणी वाढत जाते, एका वयात ती कमाल होते आणि मग उतरू लागते. इतर मुलांत ही कमाल साधारण साडेसाताव्या वर्षी आली. या मुलांत साडेदहाव्या वर्षी. सर्वांत अधिक उशीर कपाळामागच्या भागात होता. थांबणे, वाट पाहणे, एक गोष्ट धरून ठेवणे ही कामे त्या भागाकडे असतात. आणि गंमत अशी की, हातपाय हलविण्याचे केंद्र मात्र या मुलांत किंचित आधीच पक्व झालेले आढळले. घोडा आधी तयार झाला, लगाम मागून येत होता!

भातशेती करणाऱ्यांस हे समजावून सांगावे लागत नाही. हळवे भात लवकर निसवते, गरवे उशिरा. दसऱ्याच्या सुमारास हळव्याच्या शेतात कणसे पिवळी पडलेली असताना गरव्याच्या शेताकडे पाहून कोणी 'हे पीक बुडाले' असे म्हणत नाही. म्हणेल तो शेतकरी नव्हे. मात्र हेही खरे की, सर्वच मुलांची उणीव वयाबरोबर भरून निघत नाही. कित्येकांत ती मोठेपणीही राहते. उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी.

दुसरे काम याहून मोठे. तेवीस ठिकाणची चित्रे एकत्र करून मार्टिन होगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,७१३ अवधानन्यूनतेच्या व १,५२९ इतर व्यक्तींची तुलना २०१७ साली प्रसिद्ध केली. मेंदूच्या गाभ्यात करड्या पेशींचे पुंजके असतात. हालचाल, बक्षिसाची ओढ, भीती, स्मरण यांच्याशी त्यांचा संबंध आहे. त्यांपैकी पाच पुंजके, आणि एकूण कवटीतील आकारमानही, या व्यक्तींत सरासरीने लहान आढळले. फरक मुलांत स्पष्ट होता, प्रौढांत तो तसा उरला नव्हता.

येथे 'सरासरीने' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण वर्तमानपत्रात हाच शब्द गळतो. सर्वांत मोठा फरक आढळला तो बदामाच्या आकाराच्या, भावनांशी संबंध असलेल्या पुंजक्यात. तो किती मोठा? समजा, अवधानन्यूनता असलेले एक मूल आणि नसलेले एक मूल अशी जोडी आपण डोळे मिटून निवडली, आणि अशा शंभर जोड्या केल्या. तर सुमारे पंचावन्न जोड्यांत पहिल्याचा पुंजका लहान निघेल आणि पंचेचाळीस जोड्यांत दुसऱ्याचा! नाणे उडविले तर पन्नास-पन्नास. म्हणजे हजारो मुलांचा विचार केला तर फरक खरा आहे, पण समोर उभ्या असलेल्या एका मुलाचे चित्र पाहून कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकणार नाही की, हा चंचल आहे की नाही. गुरुजींच्या फोटोतून काहीच निष्पन्न झाले नसते. मुंबईची खेप, मजुरी बुडाली ती वेगळीच.

मग इतर विकासदोषांचे काय? स्वमग्नतेत उलट दिशेचा फरक सापडला आहे. ज्यांच्या थोरल्या भावंडास स्वमग्नता आहे अशा तान्ह्या मुलांची चित्रे घेतली असता, पुढे ज्यांच्यात स्वमग्नता दिसून आली त्यांच्या मेंदूची साल सहा ते बारा महिन्यांच्या काळात अधिक वेगाने पसरली, आणि दुसऱ्या वर्षी एकूण मेंदू अधिक वाढला, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. वाचनाच्या दोषात डाव्या बाजूकडील, ध्वनी आणि अक्षर यांची गाठ घालणाऱ्या भागांत फरक दिसतात.

अशी वाटणी ऐकून वाटते की, प्रत्येक दोषाचा मेंदूत एकेक पत्ता असावा. तसे ते नाही. केंब्रिजमध्ये ४७९ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील बहुतेक मुले शिकण्यात अडखळणारी, कोणास एक नाव मिळालेले, कोणास दुसरे, कोणास काहीच नाही. २०२० साली त्याचा निष्कर्ष आला. मेंदूच्या अमुक भागातील फरक म्हणजे अमुक दोष, असा मेळ तेथे बसला नाही. एकच अडचण वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या भागांशी निगडित होती. अधिक महत्त्वाचे ठरले ते भागांना जोडणारे रस्ते, आणि ते रस्ते जेथे येऊन मिळतात ती नाकी.

हे जव्हारकरांस तर नकाशाशिवाय कळावे. मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिकचा रस्ता, विक्रमगड-मनोरचा रस्ता, डहाणूचा, सिल्वासाचा, हे सगळे येथे जव्हारास मिळतात. एखाद्या पाड्याची पायवाट पावसात खचली तर त्या पाड्याचे हाल होतात, बाकीचा मुलूख चालू राहतो. पण जव्हारच्या नाक्यावरच वाहतूक अडली, तर चहूकडची खोळंबते. ज्या मुलांच्या मेंदूतील नाकी चांगली जोडलेली होती त्यांस एखादीच अडचण होती किंवा मुळीच नव्हती. ज्यांची नीट जोडलेली नव्हती ती मुले सर्वच विषयांत मागे होती.

आता हे रस्ते बांधले केव्हा जातात? जन्मतः मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या एकतृतीयांशाच्या आसपास असतो. पहिल्या वर्षात तो दुप्पट होतो, आणि दुसरे वर्ष संपता संपता मोठ्या माणसाच्या सुमारे चारपंचमांश होतो. म्हणजे ज्या वयात मूल पाठीला बांधलेले असते, अंगणवाडीच्या तराजूत टांगले जाते, त्याच वयात बहुतेक बांधकाम उरकते. त्यास लागणारे लोह, आयोडिन, प्रथिने यांचा पुरवठा तेव्हाच झाला पाहिजे. वावर-वांगणी ही नावे १९९२-९३ साली साऱ्या महाराष्ट्राने ऐकली, कारण तेथे मुले दगावली. जी दगावली त्यांची मोजदाद झाली. जी त्याच उपासातून वाचली आणि पुढे शाळेत आली, त्यांच्या मनात काय अपुरे राहिले याची मोजदाद कोणी करावयाची?

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर ती केली गेली. पहिल्या वर्षात तीव्र कुपोषण झालेली, पण पुढे चांगले अन्न व औषधपाणी मिळालेली मुले डॉ. जनीना गॅलर यांनी शाळेत गाठली. तेथील शिक्षकांच्या सांगण्यावरून अशा मुलांपैकी शंभरांत साठांत अवधानाची उणीव आढळली. त्याच वर्गांतील इतर मुलांत शंभरांत पंधरांत. वजन भरून निघाले होते, लक्ष भरून निघाले नव्हते, आणि चाळिशीतही त्याच्या खुणा उरल्या होत्या. दुसरा दाखला रुमानियातील अनाथालयांचा. तेथून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या ६७ मुलांचे मेंदू तरुणपणी मोजले, तेव्हा ते इंग्लंडमधल्याच दत्तक मुलांपेक्षा सरासरीने ८.६ टक्क्यांनी लहान निघाले. अनाथालयातील प्रत्येक जादा महिन्यामागे सुमारे तीन घन सेंटिमीटर. २०२० सालचा हा निष्कर्ष आहे.

हा दुसरा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. त्या अनाथालयांत मुलांस कुशीत घेणारे कोणी नव्हते. आपल्या पाड्यांवर नागली-वरीची टंचाई असेल, पण मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सारखे हिंडत असते. त्या कडेवरच्या ऊबेचे मोल कोणी मोजलेले नाही म्हणून ते नाहीच असे आम्ही समजत नाही.

आता त्या मुलाकडे वळू. वर्षाने आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. मध्यंतरी आमच्या शेऱ्यातील प्रश्नचिन्ह कोठे तरी गळून पडले होते आणि वहीत 'मेंदूत दोष' अशी नोंद झाली होती. मुलास शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसविले होते. त्यास कोणी प्रश्न विचारीत नव्हते. डॉक्टरांनीच लिहिले म्हटल्यावर का विचारावे? आमच्याबरोबर त्या खेपेस एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी त्याच्या कानात बत्ती घालून पाहिले. दोन्ही कानांचे पडदे फुटलेले, आत पू. थंडीपावसात कान वाहतो आणि आपोआप सुकतो, त्यास घरात कोणी आजार म्हणत नाहीत. मुलास अर्धेमुर्धे ऐकू येत होते. त्यात घरची बोली वारली आणि पुस्तकाची भाषा आपली शहरी. ऐकू न येणाऱ्या, आलेले न कळणाऱ्या मुलाने दिवसभर करावयाचे तरी काय? तो शेजाऱ्याची वही ओढी ती नक्कल करण्यासाठी! कान कोरडे झाले, गुरुजींनी त्यास पुढे घेतले, आणि त्या वर्षी त्यास बाराखडी आली. आमच्या शेऱ्याने खाल्लेले एक वर्ष मात्र गेले ते गेलेच.

येथे एक उलटा धोका आहे, तोही सांगावयास हवा. हे ऐकून काही सज्जन म्हणतात, "म्हणजे हे सगळे शहरी रोग. रानात वाढणाऱ्या मुलाला कसली आली अवधानन्यूनता!" हे काव्य झाले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या दोषात आनुवंशिकतेचा वाटा चारांत तीन हिश्श्यांच्या आसपास धरला जातो, आणि आनुवंशिकता रान-शहर पाहत नाही. भारतात पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. बहिरेपणा, अंधत्व, फेफरे यांपासून स्वमग्नता, अवधानन्यूनता, अध्ययनदोष यांपर्यंत काही ना काही विकासदोष असलेली मुले सरासरीने शंभरांत जवळजवळ बारा निघाली. घरी झालेले बाळंतपण, जन्मतः उशिरा रडणे, कमी वजन, खुंटलेली वाढ यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ही यादी जव्हार-मोखाड्यास अनोळखी आहे काय?

वाचनदोषाविषयी एक इशारा. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर बायांस सहा महिने देवनागरी वाचावयास शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे आधी व नंतर घेतली गेली. मेंदूच्या अगदी खोलवरच्या भागांच्या परस्परसंबंधातही बदल झालेला आढळला. १०१७ नव्हे, २०१७ सालची ही गोष्ट. प्रौढ बाईचा मेंदूही अक्षरांनी बदलतो! म्हणजे वाचणाऱ्याचा आणि न वाचणाऱ्याचा मेंदू वेगळा दिसला, एवढ्यावरून दोष मुळात मेंदूत होता असे ठरत नाही. शिकविलेच नसेल, तरीही तो वेगळाच दिसेल.

तर मग ठरवावयाचे कसे? चित्राने नव्हे, पाहण्याने. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, आणि घरी व शाळेत अशी दोन्हीकडे दिसावीत. फक्त एकाच गुरुजींच्या तासाला दिसणारी चंचलता हा त्या तासाचा प्रश्न असण्याचा संभव अधिक. त्याआधी कान, डोळे, रक्तातील लोह, झोप, फेफरे आणि भाषा तपासावी. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच देशभर सुरू झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने यावे असा तिचा क्रम आहे, आणि तिच्या यादीत स्वमग्नता, अध्ययनदोष, अवधानन्यूनता ही तिन्ही नावे आहेत. पथकापुढे मूल उभे करताना गुरुजींनी दोन ओळी लिहून ठेवल्या, तर आमच्यासारख्यांची घाई थोडी आवरेल. औषधे आहेत, ती काही मुलांस चांगली लागू पडतात. पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि वरचे सगळे पाहून झाल्यावर.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली होती. मुले गुरे घेऊन कुरणात जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. मेंदूची चित्रे तेव्हा कोणी पाहिली नव्हती. पण न बसणाऱ्या मुलास बसविण्याऐवजी शिकविणे उठवावे, हे त्यांस उमगले होते. आजही अशा मुलास दहा मिनिटांचे काम द्या, मध्ये फळा पुसावयास उठवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, हेच सांगितले जाते.

शेवटी एका मुलीविषयी. तिची तक्रार कोणीही केली नव्हती, कारण ती गप्प असे. दहा वर्षांची, खिडकीबाहेर पाहणारी, पाटी हरवणारी. कान चांगले, डोळे चांगले, वजन ठीक. तिच्या आजीस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्याला धाडली तर हंडा तिथंच ठेवून येते. डॉक्टर, तू तिला रागावू नको. तिचा बापूस पण असाच होता." आदिवासी माणूस कलेक्टरासही 'तू' म्हणतो, आणि त्या 'तू'त अनादर नसतो. त्या तीन वाक्यांत, लक्षणे घरीही दिसतात, लहानपणापासून दिसतात आणि वंशात आहेत, असे तिन्ही धागे हाती आले. उड्या न मारणारी अवधानन्यूनता ती हीच. मुलींत ती फार वेळा नजरेआड होते. बाईंनी तिला आपल्या टेबलाजवळ घेतले, गृहपाठ तिच्या हातावर पेनाने लिहून देऊ लागल्या. दिवाळीनंतर आईबाप तिला भट्टीवर नेणार होते, धाकट्यास सांभाळावयास. आजी अडून बसल्या, म्हणून ती या वर्षी शाळेत आहे. पुढल्या दिवाळीस आजी अडून बसू शकतील की नाही, ते माहीत नाही.

ज्या शिक्षकांनी आपल्या वर्गातील मुलांची टिपणे आज बरोबर आणली आहेत, त्यांनी कृपा करून मागे थांबावे. आम्ही शेवटची एस. टी. निघेपर्यंत येथेच आहोत.